मागे

भूपेश तांडेल पहाटे पाचला जागा होतो
आणि सव्वासातला उभा राहतो.
मधल्या वेळात काय करतोस विचारलं
तर म्हणतो, कूस बदलतो.
या कुशीवरून त्या कुशीवर.

दिवाळ्यात त्याच्या घरी फ्रिजमध्ये
वर मांदेलीचा डबा, सोललेली कोळंबी,
आणि मधल्या कप्प्यात तीन पिशव्यांत गुंडाळलेलं
इंजेक्शन, पंधरा दिवसांचं एक.
आई त्याला मासळीचा वास लागू देत नाही.
चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई
आता वासाला भिते.

मी गोलकीपर होतो,
म्हणजे ज्याला दुसरीकडे कुठेच खेळवता येत नाही तो.
भूप्या डाव्या बाजूला.
त्याची एक खोड होती, पास येण्याआधी
खांद्यावरून मागे बघायचा,
चिमणी दाणा टिपण्याआधी बघते तसं, झटकन.
बॉल पायाशी पोचेस्तोवर
मागचं अख्खं मैदान त्याला पाठ.
कुणी शिकवलं नव्हतं.
सर म्हणायचे, या पोराच्या मानेला डोळे आहेत.
एकोणिसाव्या वर्षी पुण्याच्या क्लबचं पत्र आलं,
ते लॅमिनेट करून एकवीरेच्या फोटोखाली लावलं.

मग कंबर धरली.
मालिशवाला म्हणाला लचक,
वाशीचा डॉक्टर म्हणाला मणका सरकला,
सर म्हणाले, पत्र आल्यापासून पोरगा जडावलाय.
आई म्हणायची, निज रं पोरा, इसावा घे.
आणि तो शहाण्यासारखा पडून राहायचा.
या दुखण्याला तेच हवं असतं.
पडलेल्या माणसात ते रात्रपाळी करतं,
मणक्याला मणका सांधत जातं,
मुदतीआधी कंत्राट उरकायचं असल्यासारखं.

नाव कळायला साडेतीन वर्षं गेली.
तोवर पत्रातली तारीख कधीच टळली होती,
लॅमिनेशन मात्र अजून चकाकतं.
ते नाव एवढं लांब की आईने त्याला
आपल्यापुरतं एक ठेवलं, पावना.
सकाळी विचारते, पावना कसा हाय आज?

नाव कळण्याआधीची ती ठाण्याची सेमीफायनल.
शून्य-शून्य, चारेक मिनिटं उरलेली.
पास माझाच होता, भूप्याचं तोंड माझ्याकडे.
मी ओरडलो, भूप्या, मागे!
दोनदा ओरडलो.
त्याने ऐकलं. मला माहीत आहे त्याने ऐकलं,
कारण त्याचे डोळे कोपऱ्यापर्यंत गेले
आणि तिथेच अडले.
मान आली नाही.
बॉल त्याच्या पायातून गेला, मग माझ्या हाताखालून.
बसमध्ये मी त्याला जे बोललो
त्यातला 'नाटकी' हा सगळ्यात सभ्य शब्द.

खरं म्हणजे मी हात उशिरा घातला होता.
अडवता आला असता तो बॉल.
हे भूप्याला सांगायचं राहिलंय
अकरा वर्षं.

आता तो बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडतो.
संध्याकाळी आम्ही सेक्टरच्या मैदानाला फेऱ्या मारतो.
डॉक्टरने बजावलंय, चालत राहा, थांबलात की गंजाल.
आत पोरं खेळत असतात,
भारीतले बूट, रंगीत मोजे,
आणि पास घेण्याआधी मागे कोणीच बघत नाही.
भूप्या चालता चालता पुटपुटतो,
बघ रे, आधी बघ. बघ ना, गाढवा.

परवा गेटापाशी मागून टेम्पो आला.
माझ्या तोंडून गेलंच, भूप्या, मागे!
तो वळला.
आधी पावलं, मग कंबर, मग खांदे,
जेट्टीपाशी भरतीत होडी फिरवतात
तसा, सावकाश, सगळाच्या सगळा.
होडीला कुठे मान असते.
तोवर टेम्पो निघून गेला होता.
कोण होतं रे, त्याने विचारलं.
कोणी नाही, मी म्हटलं.
चल, अजून दोन फेऱ्या राहिल्यात.