वाळू ओली असेल तर

डॉक्टरीणबाईंनी पॅडवर दोन गाठी काढल्या,
मधे फट, फटीत ठिपके.
म्हणाल्या, हे पलीकडं पोचायच्या आतच
तुमच्यात माघारी ओढले जातात बहुतेक.
मी म्हणालो, म्हणजे कंपोझिशन बिघडलंय.
त्या हसल्या. इतकं सोपं असतं तर, म्हणाल्या,
मीही लवकर घरी गेले असते.

एकवीस वर्षं शिरोलीत भट्टीवर आहे मी.
लोखंड वितळलं की आधी एक पाचर ओततो,
गार करतो, हातोड्यानं मोडतो,
तुटल्या जागेचा रंग वाचतो.
राखाडी असली तर पुढं जायचं.
पांढरी म्हणजे ठिसूळ.
गेल्या गणपतीत मला कुणी मोडलं असतं
तर टोकापासून बुडापर्यंत पांढराच निघालो असतो.

झोप तीनला तुटायची.
वाऱ्यावर मळीचा वास,
आणि छातीतनं कुणीतरी रिकामी ट्रॉली ढकलत न्यायचं.
पोटात काय, तर चहा, पाव, गार भजी, तंबाखू,
रात्रपाळीला परत चहा.
गंगावेशीत म्हशी समोर पिळतात,
पेल्यावर फेस चढतो, माणसं मिशा पुसत हसतात.
मला तो फेस साबणाचा वाटला.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

गोळी सुरू झाली. अर्धी, रात्री.
हौसाक्का म्हणाली, "येडा हाईस काय, डोक्याच्या गोळ्या खातोस?
रस्सा वरप दोन वाट्या, समदं जाग्यावर येतंय."
मेहुणा कुठनंतरी ऐकून आलेला,
"सगळं पोटातनं असतंय दाजी,
आंबील प्या नि गोळ्या द्या पंचगंगेत."
दोघांचंही ऐकून घेतलं, डबा उचलला, कामावर गेलो.

तिथं आठवलं, म्हणजे माहीत होतंच की.
ओतायच्या आधी लॅडलमध्ये
फेरोसिलिकॉन टाकतो आपण, टनाला दोन-अडीच किलो,
चिमूटच म्हणायची. तेवढ्यानं दाणा बदलतो.
पण साच्याची वाळू ओली असेल तर
धातू कितीही गुणाचा असू दे, पोटात बुडबुडे धरणारच.
आणि वाळू नेमकी, धातू पांढरा,
तरी माल भंगारातच.
ह्यात भांडण कुणाचं आहे?

मग गोळीही, आंबीलही,
ताक घालून, लसूण ठेचून.
रात्रपाळी सोडली, सदलगे सुपरवायझर महिनाभर फुगून होता.
कळंब्याच्या तलावावर चालायला गेलो,
पहिले आठ दिवस नुसताच बसून आलो.
तंबाखू सुटलेली नाही.
डॉक्टरीणबाईंना निम्मी सांगतो.

शिमग्याच्या आसपास एकदा
हौसाक्कानं वांग्याचं कालवण केलेलं.
पहिला घास घेतला आणि म्हणालो,
"आक्का, मीठ कमी पडलंय."
आतलं पातेलं घासायचं थांबलं.
सहा महिने मी ताटाला नाव ठेवलं नव्हतं.
आळणी, करपलेलं, आंबलेलं,
सगळं सारखंच खाली जात होतं.
ती काही बोलली नाही.
मिठाचा डबा आणून पुढ्यात आदळला,
"घाल की, हात मोडलेत व्हय?"
आणि पदरानं नाक पुसत आत गेली,
चटणीचा खाट बसल्यासारखी.

कशानं झालं, मला विचारू नका.
गोळी, आंबील, तलाव, झोप,
स्पेक्ट्रोमीटरला लावता येत नाही ते.
तीनला जाग अजून येते अधनंमधनं.

काल पाचर मोडली.
राखाडी होती, टोकाला पांढरी रेघ, केसाएवढी.
तेवढी चालते.
"ओता," म्हणालो पोरांना.