मडगार्ड

ओल्या पॉलिश कागदानं घासतोय.
आधी निघाला टॅक्सीचा पिवळा,
मग एक राखाडी, कुणी दिला ठाऊक नाही,
मग काळा, जाड, हट्टी,
आणि त्याखाली बोटभर जागेत
आमसुलाचा रंग.

मुरगावच्या धक्क्यावर उतरली तेव्हा गाडी काळीच होती.
काळा लवकर वाळतो, कारखान्याला घाई.
चिंचिणीच्या दोतोर एव्हारिस्तची बायको म्हणाली,
ही काय मेल्या माणसाची पेटी?
कुंकळ्ळीहून मोर्तू चितारी आला, माझा पणजा,
पाट, पाळणे, लाटणी रंगवणारा.

त्यानं कोठाराची दारं लावली,
धूळ बसावी म्हणून जमीन शिंपली,
सदऱ्याचा धागा पडू नये म्हणून उघड्या अंगानं
एक हात दिला.
आठ दिवस वाट.
घासलं. दुसरा हात. आठ दिवस.
असे अकरा.
नाताळापासून पास्कापर्यंत
दोतोर रोग्यांकडे चालत,
आणि वाटेत जो तो विचारी, वाळली का?

पुढे दोतोर वारला.
बाईनं पुन्हा मोर्तूलाच बोलावलं.
काळ्याला एक दुपार पुरली.
त्या दिवसाचे पैसे त्यानं घेतले की नाही,
यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

मडगावच्या गॅरेजात फोन वाजतो.
गिऱ्हाईक विचारतं, मूळ रंग सापडला?

आमसुलीत एक डास अडकलाय,
सहाही पाय शाबूत.
त्याच्या खाली पुन्हा काळाच असणार.

कागद पाण्यात टाकतो.
शोधतोय, म्हणतो.