आता?

आधी सेल बदलले.
दोन मोठे, लक्ष्मीपुरीतून, पावतीसकट.
ठिणगी टक् टक् टक् करत राहिली,
बंद दुकानाच्या शटरवर कुणी बोटानं वाजवावं तशी,
आणि आतून कुणी आलंच नाही.

मग सिलिंडर हलवून पाहिला. भरलेला.
रेग्युलेटर काढला, फुंकला, लावला.
शॉवरची जाळी टाचणीनं कोरली,
बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार
ताटलीत पडला चिमूटभर.
धार वाढली. पण गारच.

पौषातली सकाळ, बाळ अकरा दिवसांचं.
हिनं शेगडीवर पातेली चढवायची, उतरवायची,
दुसरं तापेपर्यंत पहिलं निवायचं.
खालचे वस्ताद जिन्यातूनच म्हणाले,
"गार पाण्यानं काय मरतंय व्हय माणूस?
चाळीस वर्षं तालमीच्या हौदातलं घेतलं मी."
बाळाचं वय सांगितलं,
तर तासाभरात स्वतःच तांब्याचा बंब घेऊन वर आले.
तळाला भोक.

अनुजा बाळंतपणाला आलीय.
अडीच वर्षं आम्ही तिच्या आईमार्फत बोलतो.
ह्यांना सांग, जेवायला वाढलंय.
तिला विचार, गोळ्या संपल्या का.
भांडण कशावरून झालं, ते आता आठवत नाही.
म्हणजे आठवतं.
सांगण्यासारखं नाही, इतकंच.

दहाला उद्यमनगरातून शिकलगार आला.
आधी त्यानं काहीच उघडलं नाही. विचारत बसला.
एकदम गार, का आधी कोमट आन मग गार?
किचनचा नळ सोडला की इझतोय का?
गच्चीवरची टाकी किती उंच?
डॉक्टरसुद्धा हल्ली इतकं विचारत नाहीत.
"बाल्कनीत लावलाय ते ब्येस केलंसा,
न्हाणीत असता तर हात लावला नसता मी."

मग चार स्क्रू, एक पितळी डबी,
आणि डबीतून निघालं लहान पापडाएवढं काळं रबर.
उजेडात धरलं त्यानं.
केसाएवढी चीर.
"पाणी रबराला ढकलतंय, रबर दांडीला,
दांडी गॅसची वाट सोडतीया. मग आग.
आग काय रुसली न्हाई, साहेब.
तिला निरोपच पोचंना झालाय."

नवं रबर बसलं.
"नळाशी कुणीतरी थांबा," तो म्हणाला.
हिच्या मांडीवर बाळ, हात तेलाचे.
अनुजा उठली, न्हाणीत गेली.
मी मधल्या बोळात.
बाल्कनीतलं न्हाणीत ऐकू जात नाही.

"सोड म्हणावं."
"सोड."
"सोडला."
"आता?"
"गार."
"बंद करायला सांगा."
"बंद कर."
"केला."
पान्हा फिरल्याचा आवाज.
"सोड."
"सोडला."
"आता?"
"गारच."
"बंद."
"केला."
किती दिवसांत नव्हे, वर्षांत
इतके शब्द घरात वाजले नव्हते,
एकेक, सुटे, चिल्लरीसारखे.

"सोड."
भप्प.
निळी ज्योत काचेमागं एका रांगेत उभी राहिली.
"आता?"
उत्तर नाही. नुसतं पाणी वाजत होतं.
"आता?"
हे शिकलगारनं विचारायला सांगितलं नव्हतं.
"थांबा की जरा बाबा,
धारेत हात धरलाय."

त्यानं साडेतीनशे घेतले, चहा अर्धाच प्याला.
जाताना जिन्यातल्या बंबात बोट घालून म्हणाला,
"शंभरात झाळून देतो हे."
वस्तादांना विचारायचं राहिलंय.
जुनं रबर खिडकीत पडलंय.
हिनं दोनदा उचललं टाकायला,
दोनदा मीच म्हणालो, असू दे.

आत बादली भरत होती.
अनुजानं दार किलकिलं केलं,
आईकडं पाहिलं, आईचे हात तेलाचे,
मग माझ्याकडं.
"बाळाचा साबण कुठाय?"
मला माहीत नव्हतं.
शोधायला लागलो.