उलटी रात्र

चिकाजांगच्या टेकडीवर, घुमटाखालच्या तळघरात
माझं काम पुसण्याचं.
कापसाचा बोळा, स्पिरिट, जुनं ब्लेड
आणि काचा, वहीच्या पानाएवढ्या.
प्रत्येकीत एकेक रात्र, पण उलटी:
आकाश स्वच्छ, तारे काळे,
तांदळात मोहरी सांडावी तसे.

काचेच्या एका अंगाला तारे.
दुसऱ्या अंगाला शाई.
शाई रुकोयाची.

ती इथे लागली तेव्हा सतरा वर्षांची.
चहाची पानं खुडणाऱ्या बोटांत
डच साहेबाने भिंग दिलं
आणि म्हणाला, मोज.
तिने मोजलं.
जोडताऱ्यांमधलं अंतर, केसाहून बारीक,
दर वर्षी, पुन्हा.
त्यातल्या एका जोडीला एकमेकींभोवती फिरायला
एकशे बारा वर्षं लागतात.
रुकोयाच्या वाट्याला एकतीस आली.

तिच्या बापाचं आकाश भातखाचराएवढं होतं.
कर्ती उगवली की माळ्यावरची अवजारं खाली काढायची,
किदांग उगवला की कोयत्याला धार.
किदांग म्हणजे हरीण.
त्या हरणामागे जे काही होतं
ते पेरणीला लागत नव्हतं,
म्हणून नव्हतंच.

काच क्रमांक चार हजार सतरा.
कोपऱ्यात एक डाग, अंगठा लागल्यासारखा.
रुकोयाने भोवती गोल काढलाय,
शेजारी लिहिलंय: धूर?
मग पुष्कळ वर्षांनी, निराळ्या शाईत, अक्षर तेच,
धूर खोडून: गर्दी.
आणि त्याखाली, हात कापायला लागल्यावरचं:
आपल्यातलं नाही. दुसरं गाव.

जगाला ही गोष्ट आधीच कळली होती.
आमच्याकडे बातमी बोटीने यायची,
त्यात मध्ये युद्ध.
तरी ज्या दिवशी तिने ते लिहिलं
त्या दिवशीही चार वाजता भोंगा झाला असेल,
तिने छत्री घेतली असेल,
उताराच्या वळणावर दोन सुराबी बांधून घेतल्या असतील,
आणि सुराबीवालीला
काहीच वेगळं वाटलं नसेल.

विद्यापीठातला यायान सांगतो:
आधी शाईचा फोटो काढ, मग पूस.
यंत्राला तारे तेवढे हवेत.
बरोबरच आहे त्याचं.
धूर गेला.
गर्दी गेली.
दुसरं गाव जरा चिवट निघालं,
ब्लेड लावावं लागलं.
बोळा निळा झाला. मी तो टाकला नाही,
एप्रनच्या खिशात राहिला, मग धुण्यात गेला,
आणि माझ्या नवऱ्याचे दोन शर्ट निळसर झाले.

संध्याकाळी वर गच्चीत जाते.
खाली गारुत दिव्यांनी उतू जातंय.
रुकोयाच्या काचांवर मोहरी मोजता येत नाही,
माझ्या डोक्यावर मात्र
अकरा. बारा, डोळे बारीक केले तर.
आपल्याला ठाऊक असलेलं आकाश
दर वर्षी फुगतंय
आणि दिसणारं आटतंय.
किदांगाचे मागचे पाय तर
माझ्या मुलाने पाहिलेलेच नाहीत.

काल यंत्राने यादी दिली.
चार हजार सतरा: एक नवी वस्तू,
पूर्वीच्या कुठल्याही नोंदीत नाही.
यायान खुर्चीवरून उठलाच.
मी काच उजेडासमोर तिरकी धरली.
प्रश्नचिन्हाखालचं टिंब.
पुसायचं राहून गेलेलं.

मी काही बोलले नाही.
तो शेजारची काच काढेल, त्याच रात्रीची,
तिथे ते नसेल,
तो चुटपुटत नाव खोडेल.
असंच वाढलंय हे सगळं:
थोडं लिहून, बरंचसं खोडून.
गुरुवारपर्यंत लागेल त्याच्या लक्षात.

तोवर त्याला एक क्रमांक आहे,
तेज आहे, दशांशाच्या चार घरांपर्यंत,
आणि अंतराच्या रकान्यात
यंत्राने स्वतःहून घातलेलं
एक प्रश्नचिन्ह.