गुण

चाळीस वर्षं मी गाईंच्या, मेंढ्यांच्या पोटात
कोपरापर्यंत हात घालत आले आहे.
मला कुणी चमत्कार सांगू नये.

फर्गस टलॉक तरी सांगायचा. रिव्हर्टनच्या धक्क्यावर,
दक्षिणेचा वारा कान कापत असताना
खिशातून डबा काढायचा:
हिरव्या ओठांच्या शिंपल्यांची पूड.
सकाळी एक चमचा स्वतःच्या गुडघ्यांना,
अर्धा मॉसच्या खिम्यात.
"माझा विश्वास आहे म्हणून मला गुण येतो, म्हणशील.
कुत्र्याचा कशावर आहे?
त्याला वाचता येतं का डब्यावरचं?"

मॉस तेरा वर्षांचा, मागचा उजवा पाय ओढणारा.
त्या महिन्यात तो ट्रकच्या फळीवर
एका झेपेत चढला. मी पाहिलं.
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
होतं, पण लांबलचक होतं,
आणि वारा फार होता.

म्हटलं, बघूच.
दोन डबे. एकात त्याची पूड,
दुसऱ्यात मैदा, रंगाला येईपर्यंत भाजलेला,
वासापुरता सुक्या सार्डिनचा चुरा.
एका झाकणावर लाल ठिपका, एकावर निळा.
कुठला कशाचा, ते फक्त मला ठाऊक.
पंधरा-पंधरा दिवस आलटून पालटून
जुलैच्या गारठ्यापासून कोकरं जन्मेपर्यंत.
आणि फर्गसनं रोज रात्री वहीत गुण मांडायचे,
दहापैकी,
कुत्र्याचे वेगळे, स्वतःचे वेगळे.

जन्मभर मेंढ्या भादरलेला माणूस,
पेन्सिल कात्रीसारखी धरायचा.
*मॉस सहा. पाऊस. मी पाच, जिना आडवा उतरलो.*
*मॉस आठ. ससा पाहिला. धरला नाही, पण पाहिला.*
*मी साडेसात. मॉरागच्या थडग्यापर्यंत पायी.*
एका पानावर नुसतंच: *मॉस नऊ.*
का, ते लिहिलेलं नाही.

सप्टेंबरात बेरीज केली.
लाल: मॉस सात, फर्गस सहा.
निळा: मॉस सात, फर्गस साडेसहा.
निळा म्हणजे मैदा.
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.

मग मी पुन्हा एकदा ट्रकपाशी उभी राहिले,
या वेळी कुत्र्याकडे न बघता.
झेपेच्या आधी क्षणभर
फर्गसचा डावा तळवा मॉसच्या पोटाखाली जायचा,
आणि मॉस वर.
विचारलं, तर मॉरागची शपथ घेऊन म्हणाला,
छे, मी हातही लावत नाही.
तो खोटं बोलत नव्हता.

निकाल लिफाफ्यात घालून दिला.
त्यानं तो उलटसुलट पाहिला,
डब्याखाली सरकवला
आणि विचारलं, चहात साखर किती.

मॉस एप्रिलमध्ये गेला. माझ्याच सुईनं,
त्याच्याच मांडीवर.
फर्गस त्यानंतरच्या हिवाळ्यात.
त्याची भाची किर्स्टी एक खोका घेऊन आली:
वही, दोन डबे,
आणि लिफाफा, चिकटवला होता तसाच.
झाकणांवरचे ठिपके
अंगठ्यानं उघडून उघडून पुसले गेलेले.
म्हणजे दोन्ही चालूच होते.

काल रात्री अंगणात दंव कडकडत होतं.
माझा डावा गुडघा
सरकारी गोळ्यांना आता जुमानत नाही.
एक डबा उघडून हुंगला.
दुसरा हुंगला.
माझंच काम, चोख झालेलं:
मलाही फरक कळेना.

चमचा धुतला, पुसला.
वहीत पुढचं पान कोरं होतं.
तारीख घातली.
गुण अजून मांडलेले नाहीत.