फळीला कान

पूल झाला त्या वर्षी तरीची नाव
ग्रामपंचायतीमागं उलटी पडली.
शेळ्या चढायच्या तिच्यावर, पोरं आडोशाला मुतायची.
आक्का एकोणीसची, सासरहून परत आलेली.
तिनं ती ऐंशी रुपयांत मागितली.
ग्रामसेवक म्हणाला, जळणाला महाग पडेल, बाई.
केवळबाई बळीराम घटे, असा अंगठा,
नाही, सही केली तिनं. तिरकी, पाणी कापणारी.

तीन महिने तिनं नाव नुसती ठोकून पाहिली,
बोटाच्या पेरानं, कुणाच्या दाराशी आल्यासारखी.
'ही बोलती. ही बोलती. ही मेली.'
मेलेल्या सात निघाल्या.
मग बाभळीच्या वाकड्या फांद्या शोधत फिरली,
नांगराला नको झालेल्या;
वाकडेपण न मोडता घरी आणायची.
सुतार वाकस देईना. बाईच्या हाती धार बाटते म्हणे.
तिनं लोहाराकडून स्वतःची घडवून घेतली, कानातलं मोडून.
लोक म्हणायचे, नावेपायी कान विकले बाईनं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला,
बैल दमून बसतात तेव्हा आमच्याकडं होड्या पळतात.
काठापासून फुगवट्यातल्या चिंचेपर्यंत, वळसा, परत.
चिंच जुन्या गावची, पारावरची.
आता नुसता वाळला शेंडा वर,
त्यावर पाणकावळे पंख वाळत घालून.
मी नऊ वर्षांचा, पुढं बसून तांब्यानं पाणी उपसायचो.
बाकीचे लांबून वळायचे, खाली फांद्या म्हणून.
आक्काला कुठली फांदी कुठं ते पाठ होतं,
तिचा झोका होता तिथं.
वल्हं टेकवून तिनं नाव अशी फिरवली
की माझ्या हातचा तांब्या गेला
आणि मागं पाहिलं तर सगळे अजून
चिंचेकडं तोंड करून.

बक्षीस फेटा होता. बाईला बांधायचा कसा?
सरपंच घोटाळले, कुणीतरी खोकलं.
आक्कानं तो ताणून पाहिला. 'सूत चांगलंय.'
रात्रीच फाडला. पट्ट्या वळल्या,
राळेत, जवसाच्या तेलात बुडवल्या,
सांध्यासांध्यांत ठोकून बसवल्या.
नऊ फेटे आहेत त्या नावेत. एका सांध्यातून
अजून गुलाबी दोरा डोकावतो.
लोक तिला नावं ठेवत राहिले.
तिनं नावेला नाव ठेवलं नाही.

दुष्काळात पाणी दोन कोस मागं सरलं.
चिंच बुडापर्यंत उघडी पडली,
माणसं आपापल्या जुन्या उंबऱ्यांवर जाऊन बसली.
नाव फाकत चालली.
टँकरचं पाणी माणशी दोन घागरी.
आक्का पहाटे नावेत पाट मांडून आंघोळ करायची,
साडी आडवी बांधून. एकच पाणी दोघींना.
साबण नाही. लाकडाला साबण सोसत नाही.
माझी बायको म्हणाली, वेड लागलंय तुमच्या बहिणीला.
मी म्हणालो, हो.
आणि माझी अर्धी घागर नेऊन दिली, चोरून.
बायकोला अजून माहीत नाही.

आता पोरांच्या फायबरच्या होड्या, इंजिनं.
गेल्या करीला आक्का अकरावी आली, अकरांतली.
पण चिंच तिनं आतूनच घेतली.
पोरं जेवायला निघून गेली होती, कुणी पाहिलं नाही.
काठावर उतरली, पदर पिळला, म्हणाली,
'डावीकडं ओढती.'

आज तिनं हाक मारली. सत्तरीला टेकलेली,
नाव उलटी घातलेली, तोंडात चार खिळे.
'इकडं ये. हिला कान लाव.'
ती पेरानं ठोकते. मी कान लावतो, डावा,
ज्यानं दोन वर्षं मला काही ऐकू येत नाही.
'बोलती का?'
'बोलती,' मी म्हणतो.
'खोटं,' ती म्हणते खिळ्यांआडून,
आणि पटाशी घालते.