इतर हक्क

गायधनी काकांनी टेबलावर फाइल ठेवली,
पिशवीतून अर्धा किलो द्राक्षंही काढली.
"धुऊन घे हं, फवारणीची आहेत."
नोटांच्या छापखान्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस,
कुठलाही कागद उजेडात धरून
जलचिन्ह बघायची सवय अजून जात नाही.
सातबाराही तसाच धरला, ट्यूबलाइटपुढे.
"खरा आहे," म्हणाले.
खराच होता.

विहितगावच्या पुढे, वालदेवीच्या काठाला,
अकरा गुंठे, पूर्वेला तोंड,
जेसीबीने नुकतीच सपाट केलेली जमीन.
दलालाने पाठवलेल्या फोटोत
मागे उरलेल्या दोन बाभळी
आणि मधोमध काकू, पदर खोचून,
ओटा कुठे येईल ते मनात आखत असाव्यात.

मी नकाशा उघडला.
आधी गट नंबर, मग एकेक थर.
आराखड्यातला पिवळा: रहिवासी. ठीक.
तोफखान्याची हद्द: लांब आहे. ठीक.
उच्चदाबाची तार: कोपऱ्यावरून जाते, तेवढं सोडू. ठीक.
पूररेषेचा थर नेहमी उशिरा येतो.
चक्र फिरत राहतं.
तेवढ्यात मी दोन द्राक्षं खाल्ली,
न धुता.

मग आली.
लाल रस्त्याच्या कडेने गेली,
म्हणजे प्लॉट अख्खा तिच्या पोटात.
निळी मधूनच, तिरकी,
आठ गुंठे घेऊन गेली.

खात्री करायला मी वर्षं मागे सरकवली.
दोन हजार सतराला राडारोड्याचे ढीग.
अकराला एक बारीक, काळपट ओढा.
तीनच्या धूसर चित्रात तोच ओढा
चांगला गाडीरस्त्याएवढा रुंद,
आणि काठाला सावल्या, बहुतेक करंजाच्या.

सातबारा परत काढला.
इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा,
विहिरीत चार आणे हिस्सा,
कुणा सोनूबाईची वारसनोंद.
नदीचं नाव कुठेच नाही.
तिने कधी तलाठ्याकडे अर्ज केला नसेल.

काका फोनवर बराच वेळ गप्प.
मग हळूच: "थोडी सरकते का गं? दलाल म्हणाला,
ऑफिसात सरकवून देतात."

सरकते, काका.
आमच्या एका जुन्या फाइलीत मी ती सरकलेली पाहिली आहे,
दोन मिलिमीटर.
एकास चार हजारला त्याचे आठ मीटर होतात.
आठ मीटरमध्ये एक बेडरूम बसते,
देवघर बसतं, जिना बसतो.
त्या बंगल्यावरून मी रोज स्कूटी नेते
आणि ऑगस्टमध्ये मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जाते.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
"नाही सरकत," एवढंच म्हणाले.

फोन काकूंनी घेतला.
"मला तेव्हाच शंका आली होती.
बाभळीच्या फांदीत, माझ्या छातीच्या उंचीला,
सुकं गवत अडकलेलं, एक फाटकी साडी,
कुणाची तरी प्लास्टिकची बरणी.
विचारलं, तर दलाल म्हणाला,
सुगरणीचं घरटं असेल.
सुगरण बरणी कशाला नेईल?"
मग थांबल्या.
"इसार दिलाय गं. दीड लाख."

मी अहवाल टाइप केला.
शेवटच्या ओळीत आधी 'शक्यतो' लिहिलं होतं.
ते खोडलं.

सोमवारी काका आले, एकटेच.
प्रिंट हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला,
आणि सवयीने ट्यूबलाइटपुढे धरली.
कागद पातळ. दोन्ही रेषा
मागच्या बाजूने मलाही दिसत होत्या.
बराच वेळ बघत राहिले.
"आहे," म्हणाले.